सहीच्या आधी

चेन्नईतल्या कितीतरी गोदामांत माल उतरवून घेणाऱ्याच्या टेबलावर एक रबरी शिक्का असतो. ‘तपासणीच्या अधीन राहून माल मिळाला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्यावर असते. ट्रक आला, कागद पुढे आले, शिक्का मारला, सही केली, ट्रक गेला. मोजणी मग सवडीने. संध्याकाळी, नाहीतर उद्या. त्या मोजणीत दोन खोकी कमी भरली की वाहतूक कंपनीला मेल जातो, कंपनी ते ड्रायव्हरच्या नावावर टाकते आणि त्याच्या हिशेबातून पैसे वळते होतात. तोवर तो हुबळीला नाहीतर विजयवाड्याला पोचलेला असतो. खोकी खरंच कमी आली होती की आमच्याच गोदामात भलत्या थप्पीत लागली होती, हे विचारायला तो समोर नसतो.

मला या शिक्क्याचा मनापासून राग आहे.

शहराच्या उत्तरेला, जुन्या ग्रँड नॉर्दर्न ट्रंक रोडच्या बाजूने माधवरमपासून रेड हिल्सकडे गोदामंच गोदामं आहेत. त्यातल्या एकात मी इनवर्ड, डिस्पॅच आणि स्टॉकचं काम बघते. माल आला की गेटवर गाडीचा नंबर आणि वेळ लिहिली जाते. मग माझ्याकडे बिल्टी, इनव्हॉइस आणि ई-वे बिल येतं. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या मालाला ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून लागू झालं. त्यावरचा गाडीचा नंबर आणि दारात उभ्या गाडीचा नंबर आधी जुळवायचा, कारण वाटेत गाडी बदललेली असते आणि कागदावर बदलायची राहून जाते. कंटेनर असेल तर सील बघायचं. त्याचा नंबर अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा, फोटो काढायचा, मगच कटर लावू द्यायचा. सील एकदा तुटलं की आतल्या मालाबद्दलचा अर्धा पुरावा तिथेच संपतो.

मोजणी वाटते तेवढी सरळ नसते. खोकी पॅलेटवर रचताना थर एकमेकांत अडकावे म्हणून आडवी-उभी लावतात, आणि अशा रचणीत मध्ये कधीकधी पोकळी राहते. चारही बाजूंनी फिरून पाहिलं तरी थर नऊचा वाटतो, असतो आठचा. सहा थरांच्या पॅलेटला सहा खोक्यांचा फरक पडतो, आणि यात कोणीही चोरी केलेली नसते. म्हणून मी वरून बघते. शिडी लावून वर जायचं, थर मोजायचा, वरचा अर्धवट थर वेगळा लिहायचा. ऐप्पसी-कार्तिगै महिन्यांत, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, इथला खरा पाऊस येतो. हवेतल्या दमटपणाने पुठ्ठा मऊ पडतो, खालची खोकी दबतात आणि थप्पी एका बाजूला कलते. दबलेलं खोकं फुटकं नसतं, पण धडही नसतं. त्याला ‘चांगलं’ म्हणून आत घ्यायचं की ‘डॅमेज’ लिहायचं हे तिथल्या तिथे, ड्रायव्हरच्या समोर ठरवावं लागतं. मी खोकं उघडते. आतला माल दोघांनी बघायचा आणि बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर एकच वाक्य लिहायचं.

आमचा मेस्त्री, म्हणजे लोडमन टोळीचा म्होरक्या, तिरुवण्णामलैकडचा आहे. पहिल्या खोक्याला तो ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभम्’ म्हणतो. मग रेंडु, मूणु. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणणारी माझी आजी मी पाहिली आहे, त्यामुळे त्याची गणती मला पहिल्या दिवसापासून कळली. तो मोठ्याने मोजतो, मी वहीत पाचापाचाच्या रेघा ओढते आणि ड्रायव्हर बोटांवर धरतो. तिघांचा आकडा जुळला की सही. न जुळला तर पुन्हा. कुरकुर होते. मागे चार गाड्या उभ्या असतात, हॉर्न वाजतात, ‘सीक्रम, अक्का, सीक्रम’ (लवकर, ताई, लवकर) चालू असतं. तरी पुन्हा मोजायचं.

ही सवय मला गोदामाने लावलेली नाही, घराने लावली. माझं माहेर विट्याजवळ, सासरही त्याच भागातलं, पण सासऱ्यांचं दुकान इथल्या सौकारपेठेत, एन. एस. सी. बोस रोडच्या मागच्या एका गल्लीत. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी माणसं देशभर पांगली. परमुलखातल्या सराफकट्ट्यात गेलं आणि गलाईवाल्याकडे मराठी ऐकू आली, तर तो बहुधा आमच्याच तालुक्यांतला निघतो. दादांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मिसरूड फुटायच्या आधी हे शहर गाठलं. लग्न होऊन आले तेव्हा मी बी.कॉम. होते आणि मला भट्टीतलं काहीच माहीत नव्हतं. दुकानाच्या पावत्या लिहिता लिहिता शिकले.

गलाईत सराफ जुने दागिने घेऊन येतो. आधी त्याच्या डोळ्यांदेखत वजन, आकडा पावतीवर, दोघांच्या सह्या. त्याआधी पाणीसुद्धा विचारायचं नाही असा दादांचा दंडक. मग मुशीत वितळवायचं, पुन्हा वजन. सोनं शुद्ध करायचं असेल तर त्यात चांदी मिसळून नायट्रिक ॲसिडमध्ये सोडतात. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाशी सोनं उरतं, तेही तपकिरी भुकटीच्या रूपात, फिल्टर कॉफीच्या चोथ्यासारखं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते सोनं आहे हे खरंच वाटत नाही. धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातलं की रंग परत येतो. पुन्हा वजन. प्रत्येक टप्प्याला घट येते आणि ती घट कशात गेली हे सांगता यावं लागतं : डाग दिलेल्या जागेत, मळात, मुशीला चिकटलेल्या कणात. म्हणून फुटक्या मुशी, फरशीवरची धूळ, हात धुतलेलं पाणी, काहीच टाकत नाहीत. दादा म्हणतात, ‘घट आली म्हणून कुणी बोलत न्हाई. घटीचं कारण सांगता येईना, की मग दुकान उठलं.’

चेन्नईत सोन्याच्या घटीची एक मोठी गोष्ट घडलेली आहे आणि ती आमच्या गल्लीत अजून निघते. २०१२ मध्ये सीबीआयने इथल्या एका कंपनीवर छापा घालून ४०० किलोंहून थोडं जास्त सोनं जप्त केलं आणि त्याच कंपनीच्या तिजोऱ्यांत सील करून ठेवलं. आठ वर्षांनी, २०२० च्या सुरुवातीला, बँकांच्या देण्यापोटी ते सोपवण्यासाठी तिजोऱ्या उघडल्या तेव्हा १०३ किलोंहून जास्त कमी भरलं. जप्तीच्या वेळी सगळं एकत्र तोललं होतं, आता सुटं सुटं तोललं, म्हणून फरक दिसतो, असं सीबीआयचं म्हणणं होतं. मद्रास उच्च न्यायालयाला ते पटलं नाही आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने चौकशी तमिळनाडू पोलिसांच्या सीबी-सीआयडीकडे दिली. दादांनी बातमी वाचून पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘काट्याच्या फरकानं गुंजा जात्यात. अडीच मण जात न्हाई.’

मला त्या बातमीत सर्वांत जास्त खटकला तो २०१२ चा दिवस. एका वेळी एक वीट काट्यावर ठेवून तिचा नंबर आणि वजन कागदावर उतरवलं असतं, तर आठ वर्षांनी एकत्र-सुटं हा वादच निघाला नसता. चोरी झाली की नाही हे शोधणं पोलिसांचं काम. पण चोरी झाली की नाही हे सांगताच न येणं हे आम्हा कारकुनांच्या कामातलं पाप आहे. मोघम आकड्यावर सही झाली की त्या सहीच्या आडोशाला नंतर काहीही मावतं.

या शहराला मोघम मोजणीची किंमत फार पूर्वीपासून माहीत आहे. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत आणि माल, माणसं, डाक सगळं मसुला नावाच्या होड्यांतून लाटा फोडत वाळूवर येई. या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, खिळा नसे, म्हणून लाटेच्या तडाख्याने त्या लवत, फुटत नसत. जहाजावर एक कारकून मोजून देई, किनाऱ्यावर दुसरा मोजून घेई. मधल्या फेसाळ पट्ट्यात जे भिजलं, बुडालं, हरवलं, त्याचा संशय वल्हं मारणाऱ्यांवर. जहाजात भरतानाच माल कमी असेल, ही शक्यता कोणी धरायची? १८६१ मध्ये समुद्रात आतपर्यंत जाणारा लोखंडी धक्का झाला. पुढे बंदराच्या भिंती बांधायला घेतल्या, त्या पुऱ्या होत आल्या असताना नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळाने मोडून टाकल्या. पुन्हा बांधाव्या लागल्या.

त्याच बंदराच्या कचेरीत १ मार्च १९१२ रोजी हिशेब खात्यात महिना तीस रुपयांवर श्रीनिवास रामानुजन नावाचे कारकून रुजू झाले. पुढच्या जानेवारीत केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना त्यांनी पत्र लिहिलं, त्यात स्वतःची ओळख पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून अशीच करून दिली. ही गोष्ट सांगताना लोक त्या टेबलाला तुरुंग करून टाकतात. मला ते मान्य नाही. त्यांचे वरिष्ठ एस. नारायण अय्यर स्वतः गणितातले जाणकार होते. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी रामानुजनसाठी शब्द टाकला. १९१३ मध्ये विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन मद्रासहूनच बोटीने इंग्लंडला निघाले. आकडा म्हणजे काय हे ज्यांना रोजच्या कामातून कळत होतं, त्या माणसांनी त्यांच्या वह्या बाजूला सारल्या नाहीत. कारकुनांच्या त्या कचेरीचा मला अभिमान वाटतो.

१९८३ मध्ये मद्रास बंदरात कंटेनर टर्मिनल सुरू झालं आणि मोजणीची जागाच बदलली. पूर्वी गोण, पिंप, पेटी एकेक करून डोळ्यांखालून जात असे. आता बंद लोखंडी पेटी येते. जहाज कंपनी आपल्या कागदावर लिहून मोकळी होते की, आत अमुक माल आहे असं पाठवणाऱ्याने सांगितलं; भरला त्याने, मोजला त्याने. जहाजाचं एका अर्थी बरोबर आहे, सील केलेली पेटी ते कशी उघडणार? पण त्यामुळे कोरियात किंवा चीनमध्ये भरलेला माल पहिल्यांदा कोणी मोजत असेल, तर तो इथला एखादा इनवर्ड कारकून, गोदामाच्या दारात, घामाने भिजलेल्या कागदावर. मधल्या सगळ्यांनी सांगोवांगीवर सह्या केलेल्या असतात.

आणि कधीकधी पेटी उघडतच नाही. माधवरमपासून जवळ असलेल्या मनलीत एका कंटेनर यार्डात सदतीस कंटेनर उभे होते. २०१५ मध्ये कस्टम्सने जप्त केलेलं सुमारे ७४० टन अमोनियम नायट्रेट त्यांत होतं. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात, वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलेल्या याच रसायनाचा स्फोट झाला, तिथला साठा २,७५० टनांचा होता, दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या बातमीनंतर मनलीतल्या साठ्याची आठवण साऱ्या देशाला झाली. काही माल २०१५ च्या पावसापाण्यात खराब झाला होता, उरलेला जवळपास ६९७ टन होता. लिलाव आधीच झालेला होता. त्याच ऑगस्टमध्ये कंटेनर हैदराबादकडे हलवायला सुरुवात झाली. पाच वर्षं हा माल कुठल्या ना कुठल्या यादीत होताच. हरवला नव्हता, कागद जागच्या जागी होते. यादी वाचून कोणी अस्वस्थ झालं नाही, एवढंच.

त्या आठवड्यात मेस्त्री जेवणाच्या सुट्टीत शांतपणे म्हणाला की त्याची बहीण मनलीत राहते. पाच वर्षं. तेव्हापासून न हललेल्या मालाची यादी मी नुसती छापून फाईलला लावत नाही. सहा महिने जागचं न हललेलं प्रत्येक खोकं जाऊन बघते : काय आहे, कोणाचं आहे, कशाच्या शेजारी ठेवलंय. स्प्रेचे डबे आणि बॅटऱ्या एका रॅकवर सापडल्या आहेत. प्रणालीत दोन्ही हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’ होत्या.

पुराबद्दल थोडंच सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाने उत्तर चेन्नई बुडाली तेव्हा आमच्या खालच्या रॅकपर्यंत पाणी आलं. पाणी ओसरल्यावर भिजलेला माल मोजायला बसलो. वाया गेलेला माल कशाला मोजायचा, असं नवीन मुलांना वाटतं. पण विम्याचा सर्व्हेअर येण्याआधी खोक्याचे नंबर लिहिलेले नसतील, तर ओल्या पुठ्ठ्यांचा नुसता लगदा उरतो आणि त्यातून कोणाचं किती गेलं हे कोणाला सांगता येत नाही. छोट्या व्यापाऱ्याचा माल असेल तर तो तिथेच बसतो. मोठा त्यातून तरून जातो.

हेच मला सगळीकडे दिसत आलं आहे. मोजणी टाळली म्हणून नुकसान टळत नाही, ते खाली खाली सरकत जातं आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्या अंगावर पडतं. पूर्वी मसुलाच्या नावाड्याच्या, आता ड्रायव्हरच्या, लोडमनच्या. मार्चअखेरीला स्टॉक जुळत नाही तेव्हा सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे एक ‘ॲडजस्टमेंट’ एंट्री. पुस्तक आणि गोदाम एका क्षणात सारखे होतात. पूर्वी मी जिथे होते त्या ठिकाणी अशी एंट्री बिनकारणाची करायला सांगायचे आणि महिनाभराने सुरक्षारक्षकाला कामावरून काढायचे. मी तिथून निघाले. आता एंट्री करावीच लागली तर कारणाच्या रकान्यात ‘इतर’ लिहीत नाही. ‘पोकळ थर, मोजणी चुकली’, ‘दोन नंबर सारखे, अदलाबदल’, किंवा ‘कारण सापडलं नाही, शोध चालू’. शेवटचं लिहायला वरचे लोक नाखूश असतात. तरी लिहिते, कारण खरं तेच असतं.

स्कॅनर आल्यापासून काम हलकं झालं, हे खरं आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण स्कॅनर बाहेरचं लेबल वाचतो. लेबल लावणाऱ्याने लेबल बरोबर लावलं असेल तर तो बरोबर. म्हणून प्रत्येक लॉटमधली थोडी खोकी मी उघडतेच, आणि ती मी निवडते, उतरवणारा काढून देईल ती नाही.

एका गोष्टीचा हिशेब मात्र आमच्या कुठल्याच पुस्तकात नसतो. गाडी सकाळी येते, जागा रिकामी नसते, माल उतरायला रात्र होते. ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून पडून राहतो. एका गाडीला न्याय द्यायला मी पुन्हा मोजते तेव्हा मागच्या चार गाड्या आणखी थांबतात, हे मला माहीत आहे आणि त्याचं ओझं मला वाटतं. थांबलेल्या वेळाचे पैसे, ज्याला ते ‘हॉल्टिंग’ म्हणतात, मागायचे तर गाडी किती वाजता आली याचा पुरावा लागतो. तो आमच्या गेटच्या रजिस्टरमध्ये असतो, त्याच्याजवळ नसतो. म्हणून मी आता पोच देताना त्याच्या प्रतीवर तीन वेळांची नोंद करून देते : गेटवर आला ती, उतरवायला सुरुवात झाली ती, मोकळा झाला ती. खाली माझी सही. वाहतूक कंपनीच्या एका माणसाने फोन करून सांगितलं की हे लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, बिल्टीवर शेऱ्याची जागा मोकळी आहे. पुढच्या फेरीला त्याच कंपनीचा ड्रायव्हर आला, हुबळीचा, मराठी-कानडी मिसळून बोलणारा. मोजणी संपल्यावर त्याने खोक्यांचा आकडा वाचला नाही. आधी वेळा वाचल्या, मधली चुकलीय म्हणाला. मी रजिस्टर आणवलं. तो म्हणत होता तेच बरोबर होतं, गाडी धक्क्याला अडीचला लागली होती, दीडला नाही. खोडून, बाजूला सही करून, दुरुस्त करून दिलं.